पिंजरा कशाने धुतला?

1998 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात, पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजांडांवर काम करत होत्या. बीजांड पक्व होताना त्यातली गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर एका रांगेत येतात आणि मग त्यांची वाटणी होते. रांग विस्कटली की वाटणी चुकते आणि गर्भात गुणसूत्रांची संख्या कमी-जास्त होते. माणसांतल्या कित्येक गर्भपातांच्या आणि डाउन सिंड्रोमच्या मुळाशी हीच चूक असते. निरोगी मादी उंदरात असं रांग चुकलेलं बीजांड शंभरात एखाद-दुसरंच सापडतं. हंट यांच्या प्रयोगशाळेत हे प्रमाण एकाएकी शंभरात चाळिसाच्या आसपास गेलं. तेही कुठलंच औषध न दिलेल्या, निव्वळ तुलनेसाठी ठेवलेल्या माद्यांमध्ये.

माग निघाला तो पिंजऱ्यांपाशी. पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या होत्या आणि नेहमीच्या साबणाऐवजी चुकून फरशी धुण्याच्या तीव्र अल्कलीयुक्त द्रावणाने धुतल्या गेल्या होत्या. त्या द्रावणाने प्लास्टिक उकललं आणि ते ज्यापासून बनतं ते बिस्फेनॉल-ए हे रसायन सुटं होऊन उंदरांच्या पाण्यात आणि पिंजऱ्यात उतरू लागलं. हंट यांनी पुढे चांगले पिंजरे मुद्दाम त्याच द्रावणाने खराब करून पाहिले. बीजांडांतला बिघाड पुन्हा दिसला. मग बिस्फेनॉल-ए थोड्या मात्रेत थेट तोंडावाटे देऊन पाहिलं. बिघाड तेव्हाही दिसला. हा शोध 2003 साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि बिस्फेनॉल-एविषयी जगभर जी चर्चा पेटली, तिला त्याने मोठं बळ दिलं.

प्राणिगृहात काम करणाऱ्यांसाठी या घटनेचा अर्थ थोडा वेगळा आहे. पिंजरा कशाने धुवायचा आणि कशाने निर्जंतुक करायचा, हा प्रश्न बहुतेक संस्थांत भांडार विभागाकडे सोपवलेला असतो. पिंजरे लवकर फुटले तर खर्च वाढला, एवढीच त्याची दखल घेतली जाते. पण झिजणाऱ्या पिंजऱ्याची झीज कुठेतरी जाते, आणि पहिल्यांदा जाते ती त्यात राहणाऱ्या प्राण्याच्या अंगात. म्हणून जंतुनाशकाची निवड हा पिंजऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तसाच प्रयोगाच्या खरेपणाचाही आहे.

वर्षाला बावन्न धुलाया

प्रयोगशाळेतल्या उंदरांचा नेहमीचा पिंजरा म्हणजे खाली प्लास्टिकची पेटी, वर स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांचं झाकण, झाकणाच्या खोलगट भागात खाद्य आणि पाण्याची उलटी बाटली. तळाला भाताचं तूस किंवा मक्याच्या कणसाचा भुगा. अमेरिकेत प्रमाण मानल्या जाणाऱ्या प्राणिसंगोपनाच्या ‘गाइड’ या पुस्तकात (आठवी आवृत्ती, 2011) अशा बंद तळाच्या पेट्या, बाटल्या आणि नळ्या साधारणपणे आठवड्यातून एकदा स्वच्छ कराव्यात असं म्हटलं आहे. म्हणजे एक पेटी वर्षाला बावन्न वेळा धुतली जाते, आणि पुष्कळ ठिकाणी तितक्याच वेळा दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्येही जाते.

मोठ्या प्राणिगृहांत हे काम धुलाई यंत्र करतं. तिथे साबणाच्या द्रावणाचा फवारा, मग गरम पाण्याचा. ‘गाइड’मध्ये धुण्याच्या आणि खळबळण्याच्या पाण्याचं तापमान 61.6 ते 82.2 अंश सेल्सिअस दिलं आहे. पाणी जितकं गरम, तितका वेळ कमी लागतो. इथली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: रोजच्या बहुतेक जंतूंसाठी हे गरम पाणी स्वतःच पुरेसं असतं. नीट चालणारं यंत्र असेल तर धुऊन निघालेल्या पेटीला वेगळं जंतुनाशक लावण्याची गरज एरवी पडत नाही. तरीही ‘खात्रीसाठी’ म्हणून ती रसायनात बुडवली जाते, आणि पिंजऱ्यांचं आयुष्य बरंचसं या ‘खात्री’पायीच घटतं.

आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत आणि छोट्या संस्थांत मात्र धुलाई यंत्र नसतं. पेट्या टाकीत भिजवून हाताने घासल्या जातात आणि नंतर जंतुनाशकाच्या पिंपात टाकल्या जातात. कधी रात्रभर. कोणतं रसायन, किती पातळ केलेलं आणि किती वेळ, याला सगळ्यात जास्त महत्त्व येतं ते अशा ठिकाणी.

पॉलिकार्बोनेट कशाने हरतं

पॉलिकार्बोनेटचा शोध 1953 साली जर्मनीत बायर कंपनीत आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये, जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे लागला. काचेसारखं पारदर्शक, हातोड्यालाही सहसा न फुटणारं, ऑटोक्लेव्हच्या 121 अंशांना आकार न सोडणारं. उंदीर बाहेरून दिसतो, पेटी पडली तरी फुटत नाही. प्राणिगृहांनी ते उचलून धरलं यात नवल नाही.

त्याची दुबळी बाजू त्याच्या रचनेतच आहे. बिस्फेनॉल-एचे रेणू कार्बोनेटच्या दुव्यांनी एकमेकांना जोडून त्याची लांब साखळी बनते. हे दुवे पाण्याने तुटू शकतात. साध्या तापमानाच्या साध्या पाण्यात ही क्रिया इतकी मंद असते की ती जाणवतही नाही. उष्णता मिळाली की ती वेग घेते, आणि अल्कली मिळाली की तो वेग कितीतरी पट वाढतो. दोन्ही एकत्र आल्या तर सर्वांत वाईट. आणि प्राणिगृहात त्या एकत्र येतात: अल्कलीयुक्त साबणाने धुतलेली पेटी घाईत अर्धवट खळबळली जाते, कोपऱ्यात साबणाचा पातळ थर राहतो, आणि तीच पेटी वाफेत शिजते. पेटीवर पडणारे पांढरे डाग पुष्कळांना पाण्याचे क्षार वाटतात. पण पुष्कळदा साबणाने भाजून खाल्लेलं ते प्लास्टिक असतं.

दुसरा शत्रू अमाइन. वाफेच्या नळ्या गंजू नयेत म्हणून बॉयलरच्या पाण्यात काही अमाइन रसायनं मिसळतात. ऑटोक्लेव्हला त्याच बॉयलरची वाफ येत असेल तर ती पॉलिकार्बोनेटला लागतात. पेट्या विनाकारण पिवळट, ठिसूळ होताहेत आणि साबण-जंतुनाशक दोन्ही तपासून झालं आहे, असं असेल तेव्हा बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाशी बोलावं. प्राणिगृहाचा डॉक्टर आणि बॉयलरचा फोरमन यांची एरवी गाठ पडत नाही, हीच अडचण.

तिसरी गोष्ट ताणाची. साच्यातून पेटी काढताना तिच्या कोपऱ्यांत आणि कडांत ताण अडकून राहतो. बाहेरून काही दिसत नाही. पण काही रसायनं या ताणलेल्या जागी आत शिरतात आणि केसाएवढ्या भेगा पाडतात. प्लास्टिक विरघळत नाही, वजन घटत नाही, फक्त एके दिवशी भरलेली पेटी उचलताना कोपरा हातात येतो. ‘क्वाट’, म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइडच्या वर्गातली जंतुनाशकं, या कामासाठी कुप्रसिद्ध आहेत. रुग्णालयांतल्या यंत्रांची पॉलिकार्बोनेटची आवरणं त्यांच्यामुळे तडकल्याचा अनुभव जुना आहे.

पाण्यात काय उतरतं

हंट यांच्याआधीही खुणा होत्या. 1993 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात यीस्टच्या वाढीच्या द्रावणात स्त्रीसंप्रेरकासारखं काम करणारा एक पदार्थ सापडला. तो यीस्ट बनवत असावं असं आधी वाटलं. पण तो येत होता ऑटोक्लेव्ह केलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंतून, आणि तो बिस्फेनॉल-ए होता. मग 2003 साली मिझुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी प्राण्यांच्या पिंजऱ्यांत खोलीच्याच तापमानाला पाणी भरून ठेवून तपासलं. वापरून जुन्या झालेल्या पॉलिकार्बोनेटच्या पिंजऱ्यांतून लिटरमागे 310 मायक्रोग्रॅमपर्यंत बिस्फेनॉल-ए पाण्यात उतरलं होतं. नव्या पिंजऱ्यांतून येणारं प्रमाण त्यापुढे नगण्य होतं.

या प्रयोगात पाणी गरम केलेलं नव्हतं. म्हणजे एकदा धुलाईने प्लास्टिकचा पृष्ठभाग उकलला, की पुढे काही न करताही ते झिरपत राहतं. ज्या प्रयोगशाळेत प्रजननावर, संप्रेरकांवर, स्तनाच्या किंवा पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर काम चालतं, तिथे तुलनेसाठी ठेवलेला गट मग ‘काही न दिलेला’ राहतच नाही. त्याला रोज थोडं संप्रेरकासारखं रसायन दिलं जात असतं, फक्त ते कुणी वहीत लिहीत नाही.

एकेका जंतुनाशकाची गोष्ट

*सोडियम हायपोक्लोराइट.* स्वस्त, सगळीकडे मिळणारं आणि व्हायरसांपासून काही बीजाणूंपर्यंत खूप जंतू मारणारं. मूळ द्रावण तीव्र अल्कलीयुक्त असतं, म्हणून ते पातळ करूनच वापरावं लागतं. पातळ द्रावणाचा दहा-पंधरा मिनिटांचा स्पर्श आणि त्यानंतर भरपूर पाणी, एवढं प्लास्टिकच्या पेटीला चालतं. रात्रभर भिजवणं चालत नाही. लेंड्या, मूत्र, तूस असलेल्या पेटीवर ते ओतणं तर दुहेरी तोट्याचं. घाणीवरच क्लोरीन खर्च होतो, आणि मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइनचा झोंबरा वायू निघतो. आधी साबणाने धुणं, खळबळणं आणि मगच जंतुनाशक, हा क्रम बदलता येत नाही.

*क्वाट.* बेंझाल्कोनियम क्लोराइड आणि त्याचे भाऊबंद. वास सौम्य, हाताला त्रास कमी, फरशी चकाचक, म्हणून लोकप्रिय. पण पृष्ठभागाला चिकटून राहणं हा त्यांचा स्वभाव आहे आणि खळबळूनही ते पुरते निघत नाहीत. प्लास्टिकवर त्यांचा परिणाम वर आलाच आहे. प्राण्यांवरचा परिणाम पुढे पाहू.

*फिनेल.* काळं असो वा पांढरं, जुन्या प्राणिगृहांत याचा वास भिंतीत मुरलेला असतो. फिनॉलवर्गीय रसायनं पॉलिकार्बोनेटच्या पृष्ठभागावर थेट हल्ला करतात आणि रबर फुगवतात. पांढऱ्या फिनेलात पाइन तेल असतं, तेही पॉलिकार्बोनेटला तडे पाडणाऱ्यांपैकी. शिवाय वास प्राण्याच्या यकृतापर्यंत पोचतो. 1967 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात सीडर लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली औषध पचवणारी विकरं वाढलेली आढळली होती. लाकडाचा सुवास एवढं करतो, तर फिनेलचा वास असलेल्या खोलीत औषधाच्या मात्रेचा प्रयोग लावण्याआधी विचार करावा. फिनेल गटारासाठी आणि बाहेरच्या संडासासाठी ठेवावं, प्राण्यांच्या खोलीत आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

*पेरॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड.* दोन्ही ऑक्सिडीकरणाने मारतात आणि मागे विषारी काही ठेवत नाहीत. पेरॅसिटिक आम्लाचं शेवटी व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन होतं. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन. पातळ द्रावणं बहुतेक पिंजऱ्यांच्या प्लास्टिकला मानवतात. तांबं, पितळ आणि साधं लोखंड मात्र पेरॅसिटिक आम्ल खातं. पिंजऱ्यांच्या रॅकला पितळी नळ किंवा जोड असतील तर ते हिरवट पडू लागतात. हवा खेळवणारे बंद रॅक, खोल्या, कपाटं यांच्यासाठी पेरॉक्साइडची वाफ आता रूढ झाली आहे. ती महाग पडते, पण पेटीचं प्लास्टिक आणि माणसाची फुप्फुसं दोन्ही वाचतात.

*ॲल्डिहाइड.* फॉर्मॅलिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकून खोली धुरावणं ही आपल्याकडची जुनी पद्धत. पिंजऱ्याच्या टिकाऊपणापुरतं बघितलं तर फॉर्मॅल्डिहाइड फारसं काही बिघडवत नाही. पण 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. टिकाऊपणा हा एकमेव निकष धरला तर आपण कुठे जाऊन पोचू, हे या उदाहरणावरून कळतं.

*अल्कोहोल.* 70 टक्के इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल पॉलिकार्बोनेटवर पुसून घेतलं तर सहसा चालतं. ॲक्रिलिकला मात्र ते सोसत नाही. आणि उंदरांच्या वर्तनाचे प्रयोग ज्या भुलभुलय्यांत होतात, त्या पेट्या आणि भिंती बहुधा ॲक्रिलिकच्याच असतात. आधीच्या उंदराचा वास जावा म्हणून प्रत्येक उंदरानंतर त्या अल्कोहोलने पुसतात. काही महिन्यांत त्यांच्या कडांवर आणि स्क्रूच्या भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. मग भेगांत वास साठतो, आणि ज्यासाठी पुसायचं तेच साधत नाही. अशा पेट्यांना सौम्य साबणाचं पाणी आणि मग साधं पाणी जास्त मानवतं.

याच ओघात एक सूचना. पेटीवरच्या चिठ्ठीचा गोंद किंवा मार्करची शाई काढायला ॲसिटोन हाताशी असतं. पॉलिकार्बोनेटवर त्याचा एक फटकारा बसला की तो भाग तिथल्या तिथे पांढरा पडतो आणि पुन्हा पारदर्शक होत नाही.

स्टेनलेसही गंजतं

झाकणं, रॅक, पाण्याच्या नळ्या, माकडांचे आणि सशांचे पिंजरे स्टेनलेस स्टीलचे असतात. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं, असा समज असतो. या पोलादातलं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार करतं आणि तो थर पोलादाला वाचवतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा जमतो. क्लोराइडपुढे मात्र तो हरतो. हायपोक्लोराइट नीट धुतलं नाही तर थरात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात, आणि छिद्राच्या आत गंज पोखरत जातो. वरून एक तपकिरी ठिपका दिसतो, आत खड्डा असतो.

304 क्रमांकाचं पोलाद सर्रास वापरलं जातं. 316 मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते क्लोराइडला जास्त दाद देत नाही. पण महाग असतं. ज्या प्राणिगृहाला हायपोक्लोराइटशिवाय पर्याय नाही, किंवा जिथे पाणीच खारट बोअरवेलचं आहे, तिथे सगळ्यात जास्त भिजणाऱ्या भागांपुरतं तरी 316 घेणं शहाणपणाचं. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या क्षारयुक्त पाण्यावर चालणाऱ्या संस्थांनी शेवटचं खळबळणं तरी क्षार काढलेल्या पाण्याने करावं.

सशांच्या पिंजऱ्यांचं दुखणं वेगळं. सशाचं मूत्र अल्कलीयुक्त आणि कॅल्शियमने भरलेलं असतं. पिंजऱ्याखालच्या तबकावर त्याचा दगडासारखा थर बसतो. तो काढायला आपल्याकडे संडास साफ करायचं ॲसिड वापरलं जातं. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे पुन्हा क्लोराइड, तेही आम्लासकट. एका दुपारच्या या ‘सफाईने’ तबकाची चकाकी कायमची जाते आणि पुढच्या वेळी मूत्राचा थर त्या खरखरीत पृष्ठभागावर अधिकच घट्ट बसतो. या कामासाठी सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण वापरावं. लोखंडी तारेची घासणीही टाळावी. तिचे बारीक कण पोलादात रुतून बसतात, गंजतात, आणि दोष स्टेनलेसवर येतो.

मग दुसरं प्लास्टिक घ्यावं का

हंट यांच्या शोधानंतर पुष्कळ प्राणिगृहांनी पॉलिकार्बोनेट सोडून पॉलिसल्फोन घेतलं. ते उष्णतेला अधिक टिकतं, त्याला कार्बोनेटचे दुवे नसल्यामुळे अल्कलीने ते तसं उकलत नाही. त्याच्याही वरचं पॉलिफिनिलसल्फोन वाफेत पुन्हापुन्हा जाऊनही ठिसूळ होत नाही. हजाराहून अधिक फेऱ्यांचा दावा त्याचे उत्पादक करतात. मधाच्या रंगाचं पॉलिइथरइमाइड उष्णतेत उत्तम, पण तीव्र अल्कली त्याला सोसत नाही. म्हणजे महाग पिंजरा आणला आणि जुनाच साबण चालू ठेवला, तर पैसे पाण्यात.

पॉलिसल्फोनची कहाणीही इथे थांबली नाही. हंट नंतर वॉशिंग्टन राज्यात पुलमनच्या विद्यापीठात गेल्या. तिथे त्यांच्या गटाला पुन्हा तुलनेच्या उंदरांत गोंधळ दिसू लागला. या वेळी पिंजरे पॉलिसल्फोनचे होते आणि त्यांतले काही खराब झालेले, पांढरट पडलेले होते. त्यांतून बिस्फेनॉल-एस, म्हणजे बिस्फेनॉल-एचाच जवळचा नातलग, सुटत असल्याचं आढळलं. 2018 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. बदली म्हणून आलेल्या बिस्फेनॉलांचे परिणाम नर उंदरांत पुढच्या पिढ्यांपर्यंत दिसत असल्याचंही त्यात होतं. अधिक टिकाऊ प्लास्टिक उशिरा खराब होतं. खराब झाल्यावर ते निरुपद्रवी असेलच असं नाही.

भारतात प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली काम करते. तिच्या मार्गदर्शक सूचनांत लहान प्राण्यांसाठी पॉलिप्रोपिलीन, पॉलिकार्बोनेट आणि स्टेनलेस स्टील, अशा तिन्ही पिंजऱ्यांचा उल्लेख आहे. त्यातल्या पॉलिप्रोपिलीनकडे दुधट दिसतं म्हणून दुर्लक्ष होतं. त्यात बिस्फेनॉल नसतं, अल्कलीला ते सहज पुरून उरतं, ऑटोक्लेव्हमध्ये जातं, आणि स्वस्त असतं. उंदीर बाहेरून स्पष्ट दिसत नाही ही त्याची खोट. रोजच्या पाहणीसाठी झाकण उघडावं लागतं. क्लोरीनसारख्या ऑक्सिडीकारकांचा सततचा मारा झाला की तेही ठिसूळ होतं. तरी संप्रेरकांवरच्या कामासाठी, आणि हाताने धुलाई करणाऱ्या छोट्या संस्थेसाठी, मी पॉलिप्रोपिलीनच सुचवेन.

आधी जंतू कोणता ते ठरवा

जंतुनाशक निवडताना सुरुवात पिंजऱ्यापासून करायची नसते. कशाशी लढायचं आहे, ते आधी. उंदरांतला हिपॅटायटिस घडवणारा कोरोनाव्हायरस भयंकर संसर्गजन्य, पण त्याच्याभोवती चरबीचं आवरण असल्यामुळे साबण, अल्कोहोल, क्वाट कशानेही मरतो. पार्व्होव्हायरस आणि उंदरांचा नोरोव्हायरस यांना असं आवरण नसतं. क्वाट आणि अल्कोहोल त्यांच्यापुढे फारसे चालत नाहीत. तिथे हायपोक्लोराइट, पेरॅसिटिक आम्ल किंवा पेरॉक्साइडच लागतं. सूत्रकृमींची अंडी बहुतेक रसायनांना दाद देत नाहीत. त्यांना उष्णताच मारते. बीजाणूंना ऑटोक्लेव्हची वाफ किंवा पेरॅसिटिक आम्लासारखं तीव्र ऑक्सिडीकारक लागतं.

म्हणजे पार्व्होव्हायरसची साथ आलेल्या प्राणिगृहात क्वाटची तीव्रता दुप्पट करण्याने व्हायरस मरत नाही, पिंजरे मात्र मरतात. साथीच्या दिवसांत तीव्र रसायन वापरावंच लागतं. ते वापरावं, ठरावीक वेळेपुरतं, आणि साथ संपली की थांबवावं. माझ्या पाहण्यात बहुतेक नुकसान होतं ते या शेवटच्या टप्प्यावर: साथ जाते, पण तिच्यासाठी आणलेलं पिंप वर्षानुवर्षं रोजच्या वापरात राहतं.

प्राण्यावरचा थेट परिणाम

कधीकधी पिंजरा शाबूत असूनही जंतुनाशक प्रयोग बिघडवतं. हंट यांच्या आणि व्हर्जिनियात टेरी ह्रुबेक यांच्या प्रयोगशाळांत उंदरांना पिल्लं कमी होऊ लागली, आणि दोन्हीकडे त्याआधी जंतुनाशक बदलून क्वाट आलेलं होतं. ह्रुबेक यांच्या गटाने मग मुद्दाम क्वाट देऊन पाहिलं आणि 2014 साली प्रजननक्षमता घटल्याचं दाखवलं. 2017 सालच्या त्यांच्या अभ्यासात उंदरांच्या गर्भात मज्जानलिकेचे दोष आढळले, आणि खोलीत नुसतं क्वाट वापरलं जात होतं तेवढ्या संपर्कानेही ते दिसले. मात्रा किती पोचते याचा हिशेब लागत नाही, कारण ते पृष्ठभागाला चिकटून राहतं आणि उंदीर दिवसभर अंग चाटत असतो. प्रजननाच्या वसाहतीत क्वाट ठेवूच नये, हे माझ्या मते आता वादातीत आहे.

पेटी उजेडासमोर धरून

पिंजरा बाद कधी करायचा, हे ठरवायला उपकरण लागत नाही. कोरडी पेटी ट्यूबलाइटसमोर तिरकी धरून तळाचे चार कोपरे आणि वरची कड बघावी. चांगल्या पेटीतून दिव्याची नळी सरळ, धारदार दिसते. बिघडलेल्या पेटीत कोपऱ्यापासून किरणांसारख्या बारीक रेषा निघालेल्या असतात, आणि नख फिरवलं तर त्या किंचित अडकतात. बाटलीत मानेचा वळलेला भाग बघावा. पहिली भेग तिथे पडते. पेटीच्या तळाशी साच्याचा गोल शिक्का असतो, त्यात बाण आणि अंक असतात. त्यावरून ती कोणत्या वर्षी घडली ते कळतं. एकाच वर्षाच्या पेट्यांत काही मोजक्याच पिवळ्या पडल्या असतील, तर दोष पेटीचा नाही, त्या कुठून धुऊन आल्या त्याचा आहे.

पांढरट थर क्षारांचा की झिजलेल्या प्लास्टिकचा, हा प्रश्न नेहमी पडतो. कोमट पाण्यात सायट्रिक आम्ल विरघळवून त्यात भिजवलेला बोळा थरावर पाचेक मिनिटं ठेवावा. क्षार असतील तर बुडबुडे येतात किंवा थर पुसला जातो. तसाच राहिला तर ती पेटी प्राण्यांसाठी वापरू नये.

आणि खळबळणं पुरेसं झालं का, हे पाहायला पीएच पट्टी पुरते. पेटी पालथी करून शेवटचे थेंब पट्टीवर घ्यावेत आणि नळाच्या पाण्याचे थेंब दुसऱ्या पट्टीवर. दोन्ही रंग सारखे आले तरच पेटी ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ द्यावी.

खरेदीच्या टेबलावर

सरकारी आणि निमसरकारी संस्थांत साबण-जंतुनाशक निविदेतून येतं आणि सर्वांत कमी दराचा पुरवठादार निवडला जातो. कागदावर दोन्ही द्रावणं ‘जंतुनाशक, बहुउपयोगी, 5 लिटर’ अशीच दिसतात. पण एकाचा पीएच 8 असतो, दुसऱ्याचा 13. निविदेतच पीएचची मर्यादा, सक्रिय घटकाचं नाव आणि तीव्रता, आणि ‘अमुक प्लास्टिकवर वापरण्यास योग्य’ असं उत्पादकाचं लेखी पत्र मागितलं, तर अर्धे प्रश्न दारातच सुटतात. पिंजऱ्याचा उत्पादकही कोणती रसायनं चालतात याची यादी देतो. ती यादी धुलाईच्या खोलीत, मराठीत, भिंतीवर लावलेली असावी. पेट्या धुणारा मदतनीस रोज हाताने ते प्लास्टिक चाचपत असतो. पेटी बुळबुळीत लागतेय, वास वेगळा येतोय, हे पहिल्यांदा त्याला कळतं, आणि तो सांगतो तेव्हा ते वहीत उतरलं पाहिजे.

शोधनिबंधात काय लिहावं

2010 साली ब्रिटनमध्ये तयार झालेल्या आणि 2020 साली सुधारलेल्या ‘अराइव्ह’ या मार्गदर्शक सूचनांनुसार प्राण्यांवरच्या प्रयोगाचा अहवाल देताना त्यांच्या निवासाची माहिती द्यावी लागते. बहुतेक निबंधांत ती एका वाक्यात उरकली जाते: तापमान 22 अंश, आर्द्रता इतकी, बारा तास उजेड, बारा तास अंधार. पिंजरा कोणत्या प्लास्टिकचा होता, तो किती वर्षं वापरात होता, कोणत्या साबणाने आणि कोणत्या जंतुनाशकाने धुतला, पाण्याच्या बाटल्या कशाच्या होत्या, ऑटोक्लेव्ह किती वेळा झाला, हे लिहायला आणखी दोन ओळी लागतात. प्रयोगाच्या मध्येच जंतुनाशक बदललं असेल तर ती तारीखही द्यावी. दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग करून वेगळं उत्तर आलं, तर त्याला कारण शोधायला पहिली जागा मिळेल.